फुकटचा राखणदार किती महाग?

अडगळीतला जुना संगणक घ्यावा, त्यात दुसरे नेटवर्क कार्ड बसवावे, एखादी मुक्त प्रणाली चढवावी, की झाला घरचा राउटर आणि फायरवॉल फुकटात तयार! असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. टाकाऊतून टिकाऊ हे आपल्या विज्ञान प्रदर्शनांचेही आवडते सूत्र. पण रेवससारख्या खाडीकाठच्या गावातील शिक्षकाने तो जसाच्या तसा मानावा का? त्याचे गुण आणि दोष वेगळे करून पाहिले पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

आधी गुण पाहू. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या लहानशा राउटरमध्ये लिनक्स वापरले आहे हे उघड झाले आणि परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ साली त्याची मूळ आज्ञावली खुली करावी लागली. तिच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. संगणकांसाठीची पीएफसेन्स त्याच वर्षीची, आणि तिच्यातून फुटलेली ओपीएनसेन्स २०१५ ची. या प्रणालींत प्रत्येक नियम उघडून पाहता येतो, बदलता येतो. बंद डबीतल्या राउटरमध्ये एवढी मोकळीक क्वचितच मिळते. शिकवणाऱ्याला ही मोठीच सोय आहे.

फायरवॉल नेमके करते काय? रेवसच्या धक्क्यावर एक पहारेकरी वही घेऊन बसला आहे अशी कल्पना करा. गावातून कोण कुठे गेला हे तो लिहून ठेवतो. परत येणाऱ्याचे नाव वहीत सापडले तर तो त्याला आत सोडतो; ज्याची नोंदच नाही अशा अनाहूताला धक्क्यावरूनच परत पाठवतो. फायरवॉलही अशीच वही ठेवते. घरातून बाहेर गेलेल्या प्रत्येक जोडणीचे दोन्ही पत्ते आणि पोर्ट क्रमांक तिच्यात नोंदवले जातात, आणि त्या नोंदीशी जुळणारे उत्तरच आत येते.

इथेच या सल्ल्याचा पहिला दोष दिसतो. फायरवॉल बसवली की घर सुरक्षित झाले, असे त्यात गृहीत धरलेले असते. मूळ शब्द आग पसरू न देणाऱ्या भिंतीचा, त्यामुळे समजही भिंतीसारखाच होतो. पण घरातल्याच कोणी फसव्या दुव्यावर बोट ठेवले तर ती जोडणी आतून सुरू झालेली असते. पहारेकरी तिची नोंद करतो आणि उत्तराला सन्मानाने आत घेतो. फोनवर ओटीपी विचारणारा भामटा तर या धक्क्यावर येतच नाही. ही मर्यादा न सांगता फायरवॉल शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याला खोटा धीर देणे होय, आणि त्याची किंमत एखाद्या कुटुंबाला बँकेतल्या पुंजीने मोजावी लागू शकते.

दुसरा दोष हिशेबाचा. जुना संगणक ६० वॅट आणि लहान राउटर ६ वॅट घेतो असे धरू. राउटर अहोरात्र चालतो, म्हणजे वर्षाचे ८७६० तास. पहिल्याला सुमारे ५२६ युनिट लागतील, दुसऱ्याला ५३. फरक ४७३ युनिटांचा. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ३७८४ रुपये! फुकट ते हेच का? शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावर वीज किती दिवस नव्हती, हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. वीज गेल्यावर लहान राउटर छोट्या बॅटरीवर तग धरतो. संगणक तिला फार लवकर रिकामी करतो. खारी हवा आत ओढणारा पंखाही संगणकातच असतो. मीठ ओलावा धरून ठेवते आणि जोडांवर गंज चढतो.

तिसरा दोष 'जुने' या शब्दाच्या ढिलाईचा. पीएफसेन्सने २०१७ च्या २.४ आवृत्तीपासून ३२ बिटांचे संगणक वगळले. ४ मेगाबाइट साठवण आणि ३२ मेगाबाइट स्मृती असलेल्या राउटरांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही शेवटची आवृत्ती ठरली, आणि तिची देखभालही २०२२ मध्ये थांबली. ज्या पहारेकऱ्याला नव्या चोरवाटा कोणी सांगत नाही, तो पहाऱ्यावर असून नसल्यासारखाच.

तेव्हा आमचे मत असे: जुना संगणक शाळेच्या प्रयोगशाळेत जरूर वापरावा, पण तासापुरता. दोन यंत्रे जोडून एक नियम बंद करावा, कोणती जोडणी तुटते ते मुलांना पाहू द्यावे, नोंदवही उघडून पत्ते वाचून घ्यावेत. विजेचा खरा आकडा मीटर लावून मुलांकडूनच मोजून घ्यावा. घरच्या अखंड पहाऱ्यासाठी मात्र ज्याला आजही सुधारणा मिळतात असा लहान राउटरच निवडावा. असा जुना राउटर हाती असेल आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या सद्य यादीत असेल, तर उत्तमच. टाकाऊ वस्तू टिकाऊ झाली की नाही, हे ती चालू होते यावरून ठरवू नये. ती किती खाते आणि काय राखते, हे दोन्ही तपासावे.