हायट्सव्हिलचे वूटन सर

परदेशात जपलेल्या कलांवरच्या या अंकात गाणं, नाटक, नृत्य यांवर भरभरून लिहिलं जाईलच. मला लिहायचंय ते एका मास्तरांच्या कलेबद्दल. शाळकरी पोरांना घडवणं ही कलाच आहे, आणि इथे मेरीलँडमध्ये, आपल्या अगदी शेजारी, मॉर्गन वूटन यांनी ती जन्मभर सांभाळली. आपली मुलं शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतात, म्हणून तरी हे नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवं.

वूटन 1956 मध्ये हायट्सव्हिलच्या डिमाथा कॅथलिक हायस्कूलमध्ये बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले, ते 2002 पर्यंत तिथेच राहिले. 1,274 विजय आणि 192 पराभव! त्याआधी वॉशिंग्टनमधल्या एका अनाथाश्रमातल्या मुलांचा बेसबॉल संघ त्यांनी हाती घेतला होता. तो संघ एकही सामना जिंकला नाही, तरी शिकवण्याची गोडी लागली ती तिथेच.

त्यांची कला कशी होती, हे 1965 च्या जानेवारीतल्या एका सामन्यावरून कळतं. न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेचा संघ सलग 71 सामने जिंकून आला होता. त्यांच्याकडे सुमारे सात फूट उंचीचा ल्यू अल्सिंडर होता, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. आदल्या वर्षी डिमाथा त्यांच्याकडून थोडक्यात हरली होती. एवढ्या उंचीचा मुलगा सरावापुरता तरी आणायचा कुठून? वूटननी आपल्याच खेळाडूंच्या हातात टेनिसच्या रॅकेटी दिल्या आणि हात वर करून बास्केटसमोर उभं केलं. रॅकेटवरून चेंडू जायला हवा, तर तो नेहमीपेक्षा उंच फेकावा लागे. दिवसामागून दिवस तसाच सराव झाला. प्रत्यक्ष सामन्यात अल्सिंडरचा हात वर आला तेव्हा पोरं बिचकली नाहीत. मेरीलँड विद्यापीठाच्या खचाखच भरलेल्या कोल फील्ड हाउसमध्ये डिमाथा 46-43 ने जिंकली. पोराला ‘घाबरू नकोस’ म्हणणं सोपं असतं. भीती वाटूच नये अशी तयारी करून घेणारा शिक्षक विरळा.

ते शाळेत जगाचा इतिहासही शिकवत. आधी देव, मग घर, मग अभ्यास आणि त्यानंतर बास्केटबॉल, हा क्रम ते खेळाडूंना लावून देत. हे नुसतं बोलणं नव्हतं. सलग 30 वर्षे त्यांच्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. त्यात बाकावर बसून राहणारी मुलंही होती, आणि मला तर 1,274 पेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. एड्रियन डँटली, डॅनी फेरी यांच्यासारखे एनबीएत गेलेले खेळाडू सगळ्यांना ठाऊक असतात. बाकावरच्या पोराचं पुढे काय झालं, हे कोण विचारतं? वूटन विचारत.

कॉलेजांची बोलावणी काही थोडी आली नाहीत. पैसा, प्रसिद्धी, सगळं तिकडे होतं. त्यांनी हायस्कूल सोडलं नाही. पत्नी कॅथी आणि पाच मुलं यांचं घरदार इथेच होतं, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शिकवणं ही त्यांच्या लेखी वरच्या जागेची पायरी नव्हती, तीच जागा होती. 1996 मध्ये यकृत प्रत्यारोपण झालं, त्यातून उठून ते पुन्हा कोर्टवर आले. 2000 मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. अशा सन्मानाच्या यादीत शाळेचा प्रशिक्षक क्वचितच दिसतो.

21 जानेवारी 2020 रोजी, 88 व्या वर्षी, ते गेले. त्यांचा मुलगा जो पोटोमॅकपलीकडे आर्लिंग्टनच्या बिशप ओ'कॉनेल हायस्कूलमध्ये प्रशिक्षक झाला. दोन्ही शाळा एकाच लीगमधल्या, त्यामुळे वडिलांच्या शाळेला हरवण्याची तयारी लेकाला दर हिवाळ्यात करावी लागते.