पडद्यावरच्या घरात कोण राहते? : सहा व्हिडिओ गेम, काही प्रामाणिक मते

आमच्या समाजात कथेची समीक्षा होते, मुशायऱ्यातल्या एका शेरावर रात्र जागवली जाते, सिनेमावर चहाच्या टपरीवर भांडणे होतात. व्हिडिओ गेमच्या वाट्याला मात्र दोनच वाक्ये येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "डोळे खराब होतील." मुले म्हणतात, "एकदम भारी है, सर." या दोन वाक्यांच्या मध्ये समीक्षेची बरीच जागा रिकामी पडली आहे. त्या जागेत थोडा वेळ बसावे म्हणून हा लेख.

आम्ही भंडारा जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गासाठी घराघरांत मोबाइल आला आणि वर्ग संपल्यावरही तो मुलांच्याच हातात राहिला. ज्या मुलाने आयुष्यात एक कादंबरी वाचलेली नाही, त्याने शेकडो तास एका गेमच्या नकाशात घालवले आहेत. शहर कसे असते, शत्रू कोण असतो, शौर्य कशाला म्हणतात, हे तो तिथून शिकतो. मग त्या नकाशाकडे शिक्षकाने पाहायचे नाही, असे कसे चालेल? म्हणून गेल्या काही महिन्यांत आम्ही सहा गेम खेळलो. काही आमच्याच मोबाइलवर, काही नागपूरला भाच्याच्या संगणकावर. खेळाडू म्हणून आम्ही साधारण आहोत. आमची बोटे आठवीतल्या पोरांसारखी चालत नाहीत. मते मात्र खेळून बनवलेली आहेत, ऐकून नव्हे.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून या चळवळीने मराठी वाङ्मयाला एक प्रश्न सतत विचारला : तुमच्या कथा-कादंबऱ्यांत मुसलमान कुठे आहे? तो इतिहासातला खलनायक तरी असतो, नाहीतर दोस्तीखातर जीव देणारा भला पठाण. रेशनच्या रांगेत उभा असलेला, हप्ते फेडणारा, पोरीच्या शिक्षणाची काळजी करणारा मुसलमान कुठे गेला? हाच प्रश्न आता गेमला विचारायची वेळ आली आहे.

सुरुवात बंदुकीपासून करू. 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' हा २००९ चा अमेरिकन गेम. जुना झाला, पण जुन्या संगणकांवर अजून चालतो. खेळ म्हणून तो वेगवान आणि घट्ट बांधलेला आहे, हे नाकारता येत नाही. त्यात 'कराची' नावाचा एक नकाशा आहे. आमचा एक माजी विद्यार्थी, आता कॉलेजात असलेला, तो खेळताना दुकानांच्या पाट्या वाचू लागला आणि अडखळला. "सर, हर्फ तो पहचान में आ रहे, लफ्ज समझ में नहीं आ रहे." समजणार कसे? पाट्या अरबीत आहेत! कराची उर्दू लिहिणारे शहर. पे, टे, चे, डे, गाफ ही अक्षरे अरबी वर्णमालेत नाहीत. उर्दू बाजारात मात्र पावलोपावली दिसतात. जगभर लाखो प्रती विकल्या गेलेल्या गेमला एका उर्दू जाणणाऱ्या माणसाकडून पाट्या तपासून घ्याव्यात असे वाटले नाही. याचे कारण आम्हाला स्पष्ट दिसते. ज्याच्यावर फक्त गोळी झाडायची आहे, त्याच्या गल्लीतले दुकान चपलांचे आहे की औषधांचे, याची चौकशी कोण करतो?

याच गेमच्या दुसऱ्या एका नकाशात न्हाणीघरात टांगलेल्या चौकटीवर एक हदीस लिहिलेली होती. मुस्लिम खेळाडूंनी तक्रार केली आणि २०१२ मध्ये ती काढली गेली. २०२१ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी : व्हॅनगार्ड'मध्ये कुराणाची पाने जमिनीवर पडलेली दिसली. तेव्हाही निषेध झाला, कंपनीने माफी मागितली आणि पाने हटवली. २०२० मध्ये 'पबजी'त मूर्तीपुढे मान तुकवण्याची एक क्रिया आली, तीही अरब देशांतल्या खेळाडूंच्या नाराजीनंतर मागे घेतली गेली. हे निषेध योग्यच होते. पण आमचे म्हणणे थोडे पुढचे आहे. पाने उचलली गेली, चौकट उतरली. त्या गल्लीतला माणूस मात्र जिथे पडला होता तिथेच पडून राहिला. त्याच्यासाठी कुणी पत्र लिहिले नाही. आपला राग कागदापाशी सुरू होतो, ठीक आहे. पण तो कागदापाशीच संपावा का?

आता आमच्या वर्गाचा लाडका गेम. पबजीवर भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. शंभर खेळाडू छत्रीने बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, वर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. रचना म्हणून हा गेम फार हुशार आहे. आवाजावरून दिशा ओळखणे, नकाशा वाचणे, चौघांनी मिळून निर्णय घेणे, हे सगळे त्यात आहे. भूगोलाच्या तासाला नकाशापासून पळणारी मुले इथे उत्तर-दक्षिण चटकन सांगतात, ही गंमत आम्ही पाहिली आहे.

पण 'एरांगेल' या त्यातल्या प्रसिद्ध बेटावर थोडे सावकाश हिंडून पाहा. घरे आहेत, खाटा आहेत, स्वयंपाकघरे आहेत, शाळा आहे. माणूस एकही नाही! घरात शिरायचे ते बंदूक उचलायला. इथे कोण राहत होते, कुठे गेले, हे गेम विचारत नाही आणि विचारण्यासाठी बटणही नाही. आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला रिकाम्या घराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९८८ मध्ये गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे वैनगंगेकाठची कितीतरी गावे उठली. सोडून गेलेल्या घराची भिंत पाहिलेल्या माणसाला एरांगेलचे घर पोकळ वाटते. हा गेम वाईट नाही, पण पोकळ आहे. तास-दोन तास खेळून झाल्यावर सांगण्यासारखी एकही गोष्ट हाती उरत नाही. उरतो तो आकडा.

याच्या अगदी उलट अनुभव 'असॅसिन्स क्रीड मिराज'ने दिला. हा २०२३ चा फ्रेंच कंपनीचा गेम नवव्या शतकातल्या, अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये घडतो. नायक बासिम हा भुरटा चोर, पुढे एका गुप्त संघटनेत शिरतो. खलिफा मन्सूरने इ.स. ७६२ मध्ये वसवायला घेतलेले वर्तुळाकार शहर आज जमिनीवर उरलेले नाही. इथे त्याच्या बाजारातून, कालव्याकाठून, ग्रंथांनी भरलेल्या बैतुल हिकमातून चालता येते. पात्रांना अरबीत बोलायला लावण्याची सोय आहे. आम्ही ती सुरू केली आणि थोडा वेळ मोहीम बाजूला ठेवून नुसतेच हिंडलो. शहराच्या इतिहासाची सचित्र माहितीही गेममध्येच दिली आहे. शिक्षकाला ती उपयोगी पडेल.

आम्हाला आवडले ते हे की, या शहरात मुसलमान चोर आहे, विद्वान आहे, जुलमी अधिकारी आहे, कारागीर आहे, भिकारी आहे. तो चांगलाच दाखवा असा आमचा हट्ट कधीच नव्हता. तो पुरा दाखवा, एवढेच मागणे आहे. दोष सांगायचे तर मोहिमा एकसुरी होत जातात, पाठलाग आणि खून यांपलीकडे हाताला फारसे काम नाही आणि शेवट पुरता समजायला याच मालिकेतला २०२० चा आधीचा गेम खेळलेला असावा लागतो. बैतुल हिकमात शिरलेल्या खेळाडूला एखादे पान अनुवाद करायला मिळाले असते तर? पण तिथेही खंजीर कमरेलाच असतो.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा २०२० चा गेम. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी काम सोडले नाही. पुढे 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदितांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. कसरतीचे खेळ करणारी राजी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट आपसांत बोलत बोलत आपल्याला सांगतात. राजस्थानी किल्ले, झरोके, छत्र्या, भिंतीवरची चित्रे, कठपुतळीच्या सावल्यांतून उलगडणारी कथा : डोळ्यांना मेजवानी आहे.

कुणी विचारेल, यात आपले काय? आम्ही म्हणतो, बरेच आहे. दुर्गेची गोष्ट आमच्या मोहल्ल्याला परकी नाही. नवरात्रात मंडप बांधणाऱ्या हातांत आमचेही हात असतात. त्या झरोक्यांच्या आणि कमानींच्या घडणीत कुणाकुणाची कारागिरी मिसळली आहे, हे इमारती पाहणाऱ्याला सांगायला नको. शिवाय नायिका एक पोरकी, गरीब मुलगी आहे. आमच्या वर्गातल्या मुलींनी "सर, लडकी है!" म्हणून मोबाइलवरची चित्रफीत दोनदा पाहिली. उणिवाही आहेत. दृष्टिकोन बदलता येत नसल्यामुळे लढताना गोंधळ होतो, उड्या चुकतात आणि गोष्ट रंगात आली असता अचानक तुटते. आवाज आधी इंग्रजीत होते, २०२२ च्या आवृत्तीत हिंदी आले. पुण्यात घडलेल्या राजीला आम्ही मराठी बोलताना ऐकले असते तर अधिक आनंद झाला असता.

आता सर्वांत लहान आणि सर्वांत जड गेम. 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' हा पॅलेस्टाइनच्या रशीद अबू ईदा यांनी २०१६ मध्ये केला. अर्ध्या तासात संपतो. २०१४ चा गाझा, काळ्या सावल्यांची चित्रे, बायको आणि छोट्या लैलाला घेऊन धावणारा बाप. समुद्रकिनाऱ्यावर चेंडू खेळणारी मुले दिसतात. अधूनमधून गेम विचारतो : इकडे जायचे की तिकडे? आपण विचार करून निवडतो आणि काही वाचत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने त्या वर्षीच्या गाझा युद्धात ५५१ मुले मेल्याची नोंद केली आहे. लैला त्यांतलीच एक. ॲपलने आधी याला 'गेम' म्हणून घ्यायला नकार दिला होता, बातम्या किंवा संदर्भाच्या विभागात टाका असे सुचवले होते. टीका झाल्यावर निर्णय बदलला. म्हणजे कराचीच्या गल्लीत गोळ्या झाडणे हा खेळ आणि त्या गोळ्यांखालून मुलीला घेऊन पळणे ही बातमी!

कलाकृती म्हणून यात हालचाली जड आहेत, कोडी सोपी आहेत. तरीही सहांपैकी हाच गेम आम्ही दुसऱ्या दिवशी विसरलो नाही. इतर गेममध्ये हरलो की पुन्हा खेळतो. इथे पुन्हा खेळलो तरी तेच होते आणि ते तसेच व्हायला हवे, कारण ज्यांचे झाले त्यांनाही दुसरा डाव मिळाला नाही. लहान मुलांना हा देऊ नये. नववी-दहावीच्या मुलांसोबत बसून खेळावा आणि मग बोलावे.

शेवटचा 'एनगारे', इराणच्या महदी बहरामी यांचा २०१७ चा गेम. यात शत्रू नाही. फिरणाऱ्या, सरकणाऱ्या आकृतीवर एक बिंदू ठेवायचा. आकृती हलते तशी त्या बिंदूची रेघ उमटते. ती दिलेल्या नक्षीशी जुळली की कोडे सुटले. मशिदींच्या भिंतींवर, जाळ्यांवर, फरश्यांवर दिसणारी भूमिती कशी जन्मते, हे हाताला कळते. भूमितीत 'बिंदुपथ' शिकवताना आमचा फळा जिथे थकतो, तिथून हा गेम पुढे जातो. लहान आहे आणि मधली काही कोडी विनाकारण अवघड आहेत. पण मुसलमानांच्या वारशातले काही दाखवायला तलवार लागत नाही, याचा याहून सुंदर पुरावा आम्हाला गेमच्या जगात भेटला नाही.

पालकांनी गेमवर सरसकट बंदी घालू नये, असे आमचे मत आहे. ती पाळली जात नाही, फक्त मोबाइल पांघरुणाखाली जातो. त्याऐवजी एकदा शेजारी बसून मुलाला विचारावे : तू ज्याला मारतोस त्याला नाव आहे का? तो कोणती भाषा बोलतो? तू ज्या घरात शिरलास, तिथे कोण राहत होते? उत्तर नसले तरी चालेल. प्रश्न एकदा मनात शिरला की मूल नकाशा वेगळ्या नजरेने पाहू लागते, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

आणि एक मागणे आमच्या तरुणांकडे. 'स्क्रॅच'सारखी मोफत साधने शाळेच्या संगणकावरही चालतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरला होता. तेव्हा शेजाऱ्याची म्हातारी, त्याची शेळी, पोरांची दप्तरे आणि कपाटातले कागद यांतले आधी काय उचलायचे, हा निर्णय किती घरांना घ्यावा लागला असेल! यावर गेम होऊ शकतो. त्यात घरे असतील, घरांत माणसे असतील, दारावरच्या पाटीवर मराठी आणि उर्दू दोन्ही अचूक लिहिलेली असेल. कुणाला मारायचे नसेल. वर्तुळ लहान होत जाईल ते पाण्यामुळे आणि जिंकायचे असेल तर सगळ्यांना मिळून उंचावर न्यावे लागेल. असा गेम कुणी केला, तर त्याची समीक्षा लिहायला आम्ही तयार आहोत. दोषही सांगू, त्यात कसूर होणार नाही.