मागील शिल्लक

कथा-कादंबऱ्यांतल्या पात्रांची चिरफाड करणारे समीक्षक पैशाला पासरी मिळतात. संगणकाच्या भाषेतल्या पात्रांकडे मात्र कोणी फिरकत नाही. ही उणीव मूलसारख्या गावातल्या एका बी. कॉम. बँक कारकुनाने भरून काढावी, हा समीक्षेचा दैवदुर्विलास समजा.

आजचे पात्र सी भाषेतले आहे: 'स्टॅटिक व्हेरिएबल'. व्हेरिएबल म्हणजे बीजगणितातला चल, किंमत ठेवायची नाव दिलेली डबी. स्टॅटिक म्हणजे स्थिर. एकूण झाला 'स्थिर चल'! 'चल, बसून राहा' म्हणण्यातलाच प्रकार. बरे, तो स्थिरही नसतो. किंमत बदलते, कायम असते ती बसायची जागा. म्हणजे थोडाफार आम्हा बँकवाल्यांसारखाच.

साधा चल रोजंदारीवरचा असतो. काम संपले की डबी मोडीत, पुन्हा बोलावले की नव्याने श्रीगणेशा. स्टॅटिकची नेमणूक मात्र एकदाच होते. मागच्या ग्राहकाला टोकन ४१ दिले असेल तर पुढच्याला तो बरोबर ४२ देतो. १९६०च्या अल्गोल भाषेत याच जातीच्या चलाला 'ओन', म्हणजे 'स्वतःचा', म्हणत. नाव झकास, पण त्याला सुरुवातीची किंमत द्यायची सोयच नव्हती. नोकरी दिली, टेबल दिले, आरंभीची शिल्लक सांगायला विसरले! पुढे १९७०च्या दशकात डेनिस रिची यांच्या सी भाषेने ती सोय केली. काहीच सांगितले नाही तर स्टॅटिक शून्यापासून सुरू होतो.

इथवर कौतुक. आता दोष.

सीमध्ये वाक्याचे तुकडे पाडणारे 'स्ट्रटॉक' नावाचे फंक्शन आहे. एकदा वाक्य द्यायचे, मग नुसते 'पुढचा' म्हणत राहायचे. कुठवर आलो ते आतल्या आत लक्षात ठेवते. पण मध्येच दुसरे वाक्य दिले की पहिले साफ विसरते. आमच्या कॅशियरने सदुसष्ट नोटा मोजल्या आणि कोणी विचारले, "सायेब, आज तारीख कोणती जी?" तो म्हणाला, "बारा", आणि पुढे तेरा, चौदा मोजत सुटला! यावर निघालेला उपाय माझ्या आवडीचा आहे. 'स्ट्रटॉक_आर' या सुधारित भावंडाने कुठवर आलो त्याची चिठ्ठी विचारणाऱ्याच्याच हाती दिली. दुसऱ्या शब्दांत, पासबुक!

माझा आक्षेप आठवणीवर नाही, लपवलेल्या आठवणीवर आहे. आमच्या खातेवहीतही मागची शिल्लक पुढच्या पानावर येते. पण ती उघड, पानाच्या डोक्यावर, कोणीही वाचावी अशी. जिल्हा चंद्रपूर झाला तरी मूलवरून जाणारी गाडी अजून 'चांदा फोर्ट'लाच थांबते. तीही जुनी किंमतच, पण भल्यामोठ्या पाटीवर लिहिलेली. कोणी फसत नाही.

फसतो तो धानाच्या हंगामात पीककर्ज मागायला आलेला माणूस. कधीकाळी बापाचा हप्ता थकला होता. पोराने व्याजासकट सारे फेडले, वहीत बाकी शून्य. तरी टेबलामागच्या एखाद्या डोक्यातला 'थकबाकीदार' काही पुसला जात नाही. पोरगा म्हणतो, "सारं भरलो ना जी!" उत्तर मिळते, "बघू." तेच कागद, तोच अर्ज, शेजाऱ्याला कर्ज आणि याला 'बघू'. का, ते कुठल्याच पानावर लिहिलेले नसते. मग तो भांडणार तरी कोणत्या आकड्याशी?

संगणकाचा स्टॅटिक त्या मानाने सज्जनच. प्रोग्राम बंद झाला की तोही सारे विसरतो. माणसाच्या डोक्यातला निवृत्तीनंतरही पारावर बसून चालूच असतो.

तेव्हा समीक्षकाचा अभिप्राय असा: डबी कामाची आहे, अवश्य वापरावी. फक्त तिचे झाकण काचेचे असावे.