डाव आणि देणे

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी भिलाईच्या नेहरू नगरात एका स्नेह्यांच्या घरी आम्ही सात-आठ मराठी मंडळी फराळाला जमलो होतो. कोणी रेल्वेतले, कोणी आयकर खात्यातले, एकदोघे पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, ह्याची कोणी तरी आठवण करून दिली. पत्त्यांवरून बोलणे बिलियर्डच्या हॉलांवर गेले आणि एकेकाची जीभ सैल झाली. नागपूरच्या, जबलपूरच्या, मुंबईच्या हॉलांत घालविलेल्या रात्री निघाल्या, लागलेल्या पैजा निघाल्या, आणि ज्याच्यासमोर क्यू हाती धरण्यास भलेभले कचरत असा एकेक जुना खेळाडू निघाला. घरी परतताना आमच्या ध्यानात आले की, आम्ही पाच गोष्टी ऐकल्या नव्हत्या. एकच गोष्ट पाच वेळा ऐकली होती.

त्या एका गोष्टीची साहित्य म्हणून परीक्षा करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती छापून आलेली नाही म्हणून तिला वाङ्मयाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. तिला ठरलेला नायक आहे, ठरलेले वळण आहे, ठरलेला शेवट आहे. आणि सांगणारा व ऐकणारा दोघेही ती मोठ्या आवडीने जतन करतात. एवढे असले की वाङ्मयप्रकार सिद्ध झाला.

गोष्ट अशी असते. हॉलच्या कोपऱ्यात मळक्या सदऱ्यातील एक वृद्ध बसलेला असतो. बहुधा तो एखाद्या क्लबातला जुना मार्कर, म्हणजे टेबलापाशी उभा राहून गुण मांडणारा नोकर. साहेबलोकांचा खेळ वर्षानुवर्षे पाहून तो साहेबांहून अधिक शिकलेला असतो. एके रात्री पैसेवाला, तोंडाळ असा एक नवखा येतो. वृद्ध त्याच्याशी पहिल्या दोन फ्रेम हरतो. पैज वाढते. मग वृद्ध चष्मा पुसतो, क्यूच्या टोकास खडू लावतो आणि टेबलावरचा शेवटचा बॉल पॉकेटात जाईपर्यंत पाठ सरळ करीत नाही. पैसे न मोजताच खिशात घालतो आणि चहा मागवितो. येथे सांगणारा थांबतो, आणि ऐकणारे ‘वा!’ म्हणतात.

आपल्या भाषेत ह्या युक्तीला फार जुना शब्दप्रयोग आहे: हातचे राखून खेळणे. वृद्धाने नवख्यास फसविले, असे कोणीच म्हणत नाही. त्याने हातचे राखले, एवढेच म्हणतात. आणि त्या शब्दासरशी लबाडी ही कसबाची धाकटी बहीण होऊन जाते.

हा मोह कोठून येतो? आमच्या मते त्याचे मूळ हातात आहे. फाशांच्या किंवा चक्राच्या जुगारात उस्ताद संभवतच नाही. दस्तयेव्हस्कीने १८६६ मध्ये, प्रकाशकाच्या कराराच्या फासातून सुटण्यासाठी, अवघ्या २६ दिवसांत लघुलेखिकेस सांगून ‘जुगारी’ ही कादंबरी पुरी केली. तिच्यातील चक्रापुढे म्हातारी आणि तरुण, धनिक आणि कफल्लक सारखेच आंधळे आहेत. तेथे उत्कंठा आहे, भीती आहे, परंतु कौतुक नाही. कारण कौतुक करावे असे कोणी काही करीतच नाही. बिलियर्डच्या टेबलावर मात्र हात काही तरी करतो. कायद्यालाही हा भेद ठाऊक होता. १८६७ च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्यात, जो तेव्हाच्या मध्यप्रांतासही लागू होता, निव्वळ कौशल्याच्या खेळांस बाराव्या कलमान्वये मोकळीक दिली होती. पुढे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीसदेखील मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविले.

तरी कौशल्य आणि पैज ह्यांची फारकत वाटते तितकी सोपी नाही. ‘पूल’ ह्या इंग्रजी नावाचा मूळ अर्थच मुळी सर्वांनी मिळून मांडलेला पणाचा पैसा असा आहे. आणि ज्या स्नूकरकडे आपण सभ्य खेळ म्हणून पाहतो, त्याचा जन्म आमच्या ह्या प्रदेशापासून फार दूर नाही. १८७५ मध्ये जबलपूर येथील लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने, बॉलांवर पैसे लावून खेळावयाच्या पिरॅमिड्‌स व ब्लॅक पूल ह्या खेळांत आणखी रंगीत बॉल मिसळून तो बनविला. म्हणजे पैज ही ह्या खेळाला मागाहून जडलेली खोड नव्हे. ती त्याच्या पाळण्यातच होती. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स ह्यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यास हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद मिळविले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. कोणत्याही खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. आमच्या फराळाच्या बैठकीत त्यांचे नाव एकदाच निघाले, आणि तेही कोपऱ्यातला वृद्ध ‘जोन्सच्या तोडीचा होता’ असे सांगण्यापुरते! पराक्रमाची नोंद असलेल्यापेक्षा नोंद नसलेलाच आठवणींना अधिक प्रिय असतो.

ह्याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेत सापडतो. वॉल्टर टेव्हिसची ‘द हसलर’ ही कादंबरी १९५९ मध्ये आली आणि १९६१ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. तिच्यात मिनेसोटा फॅट्स नावाचा एक स्थूल, शांत, अजिंक्य भासणारा खेळाडू आहे. चित्रपट गाजताच रुडॉल्फ वाँडरोन नावाचा एक पैजेचा खेळाडू पुढे आला व ‘तो फॅट्स मीच’ असे सांगू लागला. लेखकाने इन्कार केला. लोकांनी लेखकाचे ऐकले नाही. त्याच काळात विली मॉस्कोनी नावाचा खरा जगज्जेता हयात होता. त्याने १९५४ मध्ये एकही न चुकता लागोपाठ ५२६ बॉल पॉकेटात घातले होते, आणि त्या चित्रपटास खेळाची माहितीही त्यानेच पुरविली होती. १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर दोघांचा सामना झाला. मॉस्कोनी जिंकला, परंतु फॅट्सच्या बडबडीने प्रेक्षक जिंकले. आठवणीतला उस्ताद टेबलावर घडत नाही, तो बोलण्यात घडतो. हा आमचा पहिला निष्कर्ष.

दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. ह्या गोष्टीत हरलेल्याला नाव नसते. तो पैसे टेबलावर ठेवून दारातून बाहेर पडतो आणि गोष्टीतूनही बाहेर पडतो. त्या रात्री तो कोठे गेला, दार कोणी उघडले, त्याने काय सांगितले, हे कोणी विचारीत नाही. गोष्ट हॉलमध्ये सुरू होते आणि हॉलमध्येच संपते. तिला घर नाही.

मराठी गद्याची सुरुवात मात्र ह्याच्या नेमकी उलट आहे, आणि ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हा आपल्या गद्याचा आद्य ग्रंथ. त्यात श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्याची हकीकत आहे. भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव द्यूतात रमतात आणि हरतात. देणे चुकविण्यासाठी ते पत्नीकडे, कमळाइसेकडे, दागिने मागतात आणि ती नकार देते. देणे वडील फेडतात. पण तो नकार हरपाळदेवांच्या मनात रुतून बसतो, आणि पुढे रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने ते घर सोडतात. डावात कोणते फासे पडले, प्रतिस्पर्धी कोण होता, त्याचा हात कसा होता, ह्याचे कौतुक ह्या कथेला नाही. तिला महत्त्वाचे वाटते ते देणे, आणि देण्यापुढे उभे असलेले घर.

हिच्याशेजारी ‘मृच्छकटिक’ ठेवून पाहावे. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यापासून शूद्रकाचे हे नाटक आपल्याला परके राहिलेले नाही. त्याच्या दुसऱ्या अंकात संवाहक दहा सुवर्णांचे देणे चुकवून पळतो, रिकाम्या देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, पकडला जातो, मार खातो. अखेर वसंतसेना आपले कंकण देऊन त्याची सुटका करते आणि तो भिक्षू होतो. एका कथेत स्त्री दागिना देते, दुसरीत देत नाही. दोहोंतही जुगारी विरक्त होतो. शूद्रक देण्याचा शेवट कृतज्ञतेत करतो. पुढे गळा दाबून टाकून दिलेल्या वसंतसेनेस हाच भिक्षू वाचवितो. म्हाइंभटांच्या कथेत असे काही परत मिळत नाही. कमळाइसेचा नकार हा नकारच राहतो. म्हणूनच तो आम्हांस अधिक खरा वाटतो.

आता पुन्हा ‘द हसलर’कडे वळू. टेव्हिसच्या कादंबरीचे लक्ष डावावर आहे. एडीची सोबतीण सारा तिच्यात मरत नाही. चित्रपटकर्त्यांस डावाबाहेरचे मोल दाखवावेसे वाटले, तेव्हा त्यांनी साराला आत्महत्या करावयास लावली. तिच्या मरणानंतर एडी फॅट्सला हरवितो, पण जिंकलेल्या रकमेवर दावा सांगणाऱ्या बर्टला पैसे द्यायचे नाकारतो आणि मोठ्या हॉलांची दारे त्याला बंद होतात. चित्रपट उत्तम आहे. क्यूला कधी हात न लावणारा बर्टच सर्वांत अधिक कमावतो, हे त्याने अचूक दाखविले आहे. शूद्रकाचा द्यूतगृहवाला माथुर त्याचाच पूर्वज. तथापि हॉलच्या कथेत घर आणावयाचे तर घरातली स्त्री मारावी लागते, हे त्या कलेचे दारिद्र्य होय. कमळाइसा मरत नाही. ती नाही म्हणते, आणि तेवढ्याने सबंध कथेचे वळण बदलते.

मग आपण आपल्या घराच्या बाजूने लिहिलेल्या परंपरेवर समाधान मानावे काय? नाही. तिच्यातही उणीव आहे. आपल्या लेखनात जुगार येतो तो बहुधा व्यसन म्हणून, उपदेशाच्या सोयीसाठी. आणि त्यामुळे माणूस तेथे का जातो ह्याचा तिला पत्ता लागत नाही. पहिलवानाचा डाव, गवयाची तान, आचाऱ्याचा हात ह्यांचे रसाळ वर्णन करणारी आपली भाषा मार्करच्या मनगटापाशी एकाएकी मुकी होते. वाचकांपैकी जे बदलीच्या गावी एकटे राहिले आहेत, त्यांना सांगावयास नको की तेथे संध्याकाळ फार लांब असते. कचेरी सहाला सुटते, खाणावळीचे ताट आठाला मिळते. मधल्या दोन तासांत जेथे दिवा आहे, माणसे आहेत आणि कोणी हुद्दा विचारीत नाही, अशी जागा म्हणजे हॉल. तेथे कोणी एक वृद्ध, एरवी ज्याला कोणी खुर्ची देणार नाही असा, काही क्षण सर्वांचे श्वास रोखून धरतो. हे दृश्य ज्याने पाहिले नाही, त्याचा उपदेश ऐकण्यास जुगारी बांधलेला नाही.

आम्ही ते पाहिले आहे. पूर्वीच्या एका बदलीच्या गावी, दुकानांच्या वरच्या मजल्यावरील हॉलमध्ये, अशाच एका वृद्धाविरुद्ध आम्ही क्यू हाती धरला होता. पहिल्या दोन फ्रेम आम्ही जिंकलो. पुढचे सांगणे नको. १९६४ च्या आचरण नियमांतील सतरावा नियम, कर्जबाजारीपणापासून दूर राहण्याचा, आम्हांस तोंडपाठ होता. पण पाठांतराने देणे फिटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो असता पत्नीकडे काही रक्कम मागितली. कशासाठी, ते सांगितले नाही. तिने विचारलेही नाही. डब्यावर हात ठेवून ती एवढेच म्हणाली, “अहो, हे दुधाचे आणि फीचे आहेत. ह्यातले मिळायचे नाहीत.”

आम्ही काही विरक्त झालो नाही. कचेरीतल्या पतपेढीचे हप्ते फेडीत राहिलो. परंतु परवा फराळाच्या वेळी ती गोष्ट पाचव्यांदा ऐकताना, तिच्यातला तो निनावी नवखा ओळखीचा वाटू लागला. कोठल्या तरी गावी, कोणाच्या तरी ओसरीवर, तो वृद्ध अजून चष्मा पुसत असेल, आणि दारातून बाहेर पडणारा आम्ही असू.

तरी त्या वृद्धाबद्दल आमच्या मनात राग नाही. तिसऱ्या फ्रेमच्या अखेरीस त्याने पांढरा बॉल कडेला इतक्या अलगद टेकवून ठेवला होता की, हरत असताही आमच्या तोंडून ‘वा!’ निघाले. तो उद्गार खरा होता. डब्यावरचा तो हातही खराच होता. हॉलच्या आठवणी सांगणारे पहिले सत्य सांगतात आणि दुसरे गाळतात. आपली उपदेशपर परंपरा दुसरे सांगते आणि पहिले गाळते. पुढे कोणी मराठी लेखक ह्या विषयास हात घालील, तर त्याच्या पुस्तकास आम्ही दोनच प्रश्न विचारू: शेवटचा बॉल कसा पडला, आणि त्याचे पैसे कोणाच्या डब्यातून आले? दोहोंचे उत्तर एकाच पानावर देता आले, तर लीळाचरित्राने आरंभिलेली ती हकीकत पुरी झाली असे आम्ही समजू.