तंबू ठोकणारांना तोंड का नाही?

पोरांच्या सिनेमात राजकारण कशाला शोधता, असं आपल्यातलेच शिकलेले मित्र विचारतात. त्यांना एकच सांगणं आहे. आम्ही शोधायला गेलो नाही. ते आधीच तिथं पोरांच्या मांडीला मांडी लावून बसलंय.

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात पोरांना वॉल्ट डिस्नेचा 'डंबो' दाखवला. १९४१ चा सिनेमा, ६४ मिनिटांचा. सर्कशीतल्या हत्तिणीला पोर होतं, त्याचे कान सुपाएवढे. आई त्याचं नाव ठेवते धाकटा जंबो. बाकीच्या हत्तिणी स्वतःला मोठ्या खानदानी समजतात, त्या त्याला डंबो म्हणतात. इंग्रजीत डम म्हणजे मुका, नाहीतर मठ्ठ. तेच नाव चिकटतं. शूद्राचं नाव निंद्य असावं असं मनुस्मृतीत लिहिलंय. आपल्या आज्या-पणज्यांची कचऱ्या, धोंड्या ही नावं कुठनं आली ते वेगळं सांगायला नको.

हे पोर सबंध सिनेमात एक शब्द बोलत नाही. त्याला छळणाऱ्या मुलाला आई बडवते, तर साखळदंड आईलाच, वर 'पिसाळलेली हत्तीण' अशी पाटी. मालक पोराला विदूषकांत टाकतो, तेव्हा हत्तिणी शपथ घेतात, आजपासून हा हत्तीच नव्हे. याला आपल्याकडं वाळीत टाकणं म्हणतात. बाबासाहेबांनी १९२० ला 'मूकनायक' काढलं, १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. या दोन नावांत डंबोची अर्धी गोष्ट बसते. इथपर्यंत सिनेमा आपला वाटतो. मी पण डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

पण रात्रीचा एक प्रसंग आहे. पाऊस कोसळतोय. आगगाडीच्या डब्यातनं काळी माणसं उतरतात नि तंबू उभारायला लागतात. घण, खुंट्या, दोर. त्यांच्या तोंडी गाणं दिलंय, त्याचा मतलब असा की आम्ही अडाणी, मरमर राबतो, तरी खुशीत आहोत, पगार हातात पडला की उडवून मोकळे. आणि या माणसांना चेहराच काढलेला नाही. डोळे नाहीत, नाक नाही. पुढं बसलेली एक पोरगी म्हणाली, "दादा, उंदराला तोंड हाय, इंजनाला सुदीक तोंड हाय. मग यांना का नाय?" अख्खी समीक्षा तिनं एका वाक्यात उरकली.

पुढं कावळे येतात. त्यांची बोली, चालणं काळ्यांचं. पुढारी कावळ्याचं नाव बनवणारांनी ठेवलं जिम क्रो. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना वेगळी शाळा, वेगळा नळ, वेगळा डबा ठरवणारे कायदे होते, त्यांचं हेच नाव. आवाज मात्र गोऱ्या नटाचा. तरी खरं ते सांगावं. त्या उंदरानंतर पोराला माया लावतात ते कावळेच. उडायचा धीर तेच देतात. मग डंबो गाजतो, आईला गाडीत खास डबा मिळतो, नि कावळे मागंच राहतात. तंबू ठोकणारांची तर कुणी आठवणही काढत नाही. एक हत्ती उडाला, सर्कस तशीच, मालक तोच. आपल्यातला एखादा साहेब झाला की व्यवस्था त्याला हार घालते नि बाकीच्यांना म्हणते, बघा, सुटला की तुमचा प्रश्न! तसलंच हे.

हा सिनेमा तयार होत होता तेव्हाच, २९ मे १९४१ ला, डिस्नेच्या चित्रकारांनी संप केला. युनियनवाल्यांना कामावरनं काढलं होतं. सिनेमात विदूषक झिंगून मालकाकडं पगारवाढ मागायला निघतात, ती संपवाल्यांची टिंगल असं बरेच जण मानतात. १९४७ ला डिस्नेनं अमेरिकी संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली, की संपामागं कम्युनिस्ट होते. मालक इथनं तिथनं सारखाच. पण मला खुपतं ते दुसरंच. ज्या स्टुडिओत एवढा लढा झाला, त्याच स्टुडिओतनं ही बिनचेहऱ्याची माणसं बाहेर पडली. मजूर म्हणून जागा झालेला माणूस दुसऱ्याच्या कातडीबद्दल जागा होतोच असं नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनीच तो प्रश्न पुढं आणला. मी स्वतः साच्यावर काम करतो. मला ही गोष्ट पुस्तकातली वाटत नाही.

काळ्यांशी आपलं नातं उसनं नाही. १९४६ ला बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते तिकडनंच.

मग सिनेमा दाखवायचा नाही? डिस्ने कंपनी २०२० पासून काही वर्षं सुरवातीला पाटी दाखवायची, की यात काही समाजांचं चुकीचं चित्रण आहे. पाटी पोरं वाचत नाहीत. मी म्हणतो, दाखवावा. रात्रीच्या त्या प्रसंगाला थांबवावा. पोरांना कागद-पेन्सिल द्यावी नि सांगावं, या माणसांना चेहरे काढा. आम्ही तसं केलं. बऱ्याच पोरांनी आपापल्या बापाचा चेहरा काढला.

येत्या रविवारी तुमच्या वस्तीत करून बघा, नि काय झालं ते अंकाला लिहून पाठवा. जय भीम.