टाकलेल्या वस्तूंची नगरी

चंदीगडची कीर्ती ल कॉर्ब्युझिए याच्या आखीव नगररचनेमुळे झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या शहरातील सर्वांत विचारार्ह शिल्पकृती त्याच्या आराखड्याबाहेर, किंबहुना आराखड्यास न जुमानता, उभी राहिली. नेकचंद (१९२४–२०१५) हे बांधकाम खात्यातील रस्ते-निरीक्षक. नव्या शहराकरिता जी खेडी पाडली गेली त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्या, सायकलींचे सांगाडे वेचून त्यांनी १९५७ च्या सुमारास सरकारी राखीव रानात गुप्तपणे रचनेस आरंभ केला. १९७५ साली हा बेकायदा उद्योग उघडकीस आला आणि १९७६ साली, पाडला जाण्याऐवजी, रॉक गार्डन या नावाने लोकांस खुला झाला.

अशा कामास ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्हांस ती मान्य नाही. टिकाऊपणा हा भांड्याचा गुण होय. टाकलेल्या वस्तूंच्या जुळणीत खरी कसोटी ही, की वस्तूचे पूर्वायुष्य नव्या रूपातही दिसत राहावे. पिकासोने १९४२ साली सायकलीची बैठक व हँडल जोडून बैलाचे मस्तक केले. त्यात बैल दिसतो आणि सायकलही लपत नाही. पुढे ते कांस्यात ओतले गेले, तेव्हा चामडे व धातू यांतील भेद बुजला, आणि आमच्या मते निम्मे मर्म तेथेच हरपले.

नेकचंद या कसोटीस उतरतात. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढविलेल्या त्यांच्या स्त्रिया रांगेने उभ्या आहेत. काच सिमेंटात रुतली तरी बांगडीच राहिली आहे. बांगडी फुटली असे म्हणण्यासही आपल्याकडील स्त्रिया कचरतात, ‘वाढली’ म्हणतात; मराठी प्रेक्षकास त्या मूर्तींपुढे क्षणभर अवघडल्यासारखे झाले तर नवल नाही. त्यात कर्ता स्वतः १९४७ च्या फाळणीत आपले गाव सोडून आलेला! पाडलेल्या गावांचे तुकडे अशा माणसाच्या हाती लागावेत, हा योग आम्हांस केवळ कौतुकाचा वाटत नाही.

मात्र सर्वच भाग सारख्या योग्यतेचा नाही. पहिल्या विभागातील बुटकी दारे व अरुंद चौक प्रेक्षकास वाकावयास लावतात. तिसऱ्या विभागातील प्रचंड कमानी व झोपाळे गर्दी जमवितात, आणि तेथे वेचणाऱ्याचा हात आम्हांस फारसा दिसत नाही. १९९० साली रस्त्याकरिता आलेली यंत्रे नागरिकांनी आडवे उभे राहून परतविली. ते ज्यासाठी उभे राहिले, ते आमच्या समजुतीप्रमाणे झोपाळे नव्हते.