नदी, समुद्र आणि विद्यापीठाचे नाव

नामांतराचा विषय निघाला की 'नावात काय आहे?' असे विचारणारे सुशिक्षित आम्हांस आजही भेटतात. त्यांतील काही जण पाली वाङ्मयाचा आधारही देतात. समुद्रास मिळालेल्या नद्या आपली नावे टाकतात, तसे संघात आलेले चारही वर्णांचे लोक नाव व गोत्र टाकतात, असे पहाराद सुत्तात सांगितले आहे. मग बौद्धांनीच एका नावासाठी साडेपंधरा वर्षे का झगडावे?

हे वाचन आम्हांस अपुरे वाटते. नाव प्रथम कोणी टाकावयाचे, याचे उत्तर चुल्लवग्गात आहे. अनुरुद्धादी शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांच्यासमवेत उपाली हा नाभिक होता. त्याला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा कुलाभिमान गळेल, अशी विनंती त्या कुमारांनीच केली. आरंभ मोठ्या नदीने केला.

मराठवाड्यात काय घडले? 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. 14 जानेवारी 1994 रोजी जे झाले तो नामविस्तार होता. 'मराठवाडा' हा शब्द राहिला, त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव आले. निजामी राजवटीतून सुटलेल्या प्रदेशाचे ते नाव लोकांस प्रिय असावे, यात आम्हांस काहीच वावगे दिसत नाही. परंतु समुद्राची उपमा ऐकवणाऱ्यांनी स्वतः काय टाकले? 2023 साली ह्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. तेव्हा नाव ही केवळ पञ्ञत्ति आहे, असे कोणी म्हटल्याचे आमच्या कानी आले नाही.

उपालीची कथा प्रव्रज्येपाशी थांबत नाही, हे अधिक महत्त्वाचे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी विनयाचे प्रश्न विचारले ते उपालीस, आणि त्याची उत्तरे संघाने प्रमाण मानली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या समताविषयक नियमांनी समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. ती आवश्यकच होती. मात्र तिने दारात आलेल्या विद्यार्थ्याचे रक्षण होते. संगीतीतील आसन त्याला मिळत नाही. संशोधनाचा विषय मान्य कोण करतो, मौखिक परीक्षेस परीक्षक म्हणून कोण येतो, अभ्यासमंडळावर कोण असते, येथे उपाली अजून क्वचितच दिसतो.

बाबासाहेबांनी ह्याच शहरात, विद्यापीठ स्थापन होण्याच्या आठ वर्षे आधी, 1950 साली महाविद्यालय काढले. त्याला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव दिले, आणि परिसरास उत्तर देणाऱ्या नागसेनाचे. आज आमच्या मुलांना प्रवेश मिळतो, प्रश्नही विचारता येतात. उत्तर देण्याच्या आसनावर त्यांतील किती बसले, याची विभागवार संख्या विद्यापीठांनी दरवर्षी प्रसिद्ध करावी, अशी आमची मागणी आहे.